कोळंबीची थंडी, मालकाची हुडहुडी

डिसेंबरात उत्तरेकडून वारं सुटलं की महाराष्ट्रात दोन प्रकारच्या माणसांची झोप उडते. एक निफाडचे द्राक्षबागायतदार आणि दुसरे घरात कोळंबी पाळणारे. बागायतदाराचं जागरण समजू शकतं. पारा चार-पाच अंशांवर आला की मण्यांना तडे जातात, वाढ खुंटते आणि बँकेच्या हप्त्याचं गणित कोसळतं. म्हणून तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकचं पाणी सोडतो. कोळंबीवाल्याकडे मात्र दोन फुटी काचेची टाकी असते, तिच्यात इंचभर लांबीचे वीस-तीस जीव असतात आणि त्या सगळ्यांची मिळून किंमत बहुधा मालकाच्या अंगातल्या जर्किनपेक्षा कमी असते. तरी रात्री दोन वाजता उठून टाकीवर टॉर्च मारतो तो हाच. बागायतदाराला निदान शेकोटीची ऊब तरी मिळते.

ही कोळंबी समुद्राची नव्हे, गोड्या पाण्याची. शौकिनांच्या बोलीत 'चेरी', शास्त्राच्या दप्तरी 'निओकॅरिडिना डेव्हिडी'. लांबी अडीच-तीन सेंटिमीटर, आयुष्य वर्ष-दीड वर्ष, व्यवसाय शेवाळ खाणे, फावल्या वेळचा छंदही शेवाळ खाणे. मूळचा रंग मातकट, अंग जवळजवळ पारदर्शक. तैवानच्या पैदासकारांनी पिढ्यानपिढ्या त्यातल्या तांबूस तेवढ्या वेचून तिला लालभडक केलं. आता ती पिवळी, निळी, नारंगी, चॉकलेटी अशी हव्या त्या रंगात मिळते. हौसेने सगळे रंग एकाच टाकीत सोडले, की काही पिढ्यांत नातवंडं पुन्हा मातकट निघतात. निसर्गाने एवढी मेहनत वाया घालवलेली पाहून मालक हळहळतो. कोळंबीला आरसा माहीत नसल्याने ती शेवाळ खात राहते.

आमच्या भाच्याकडे कोथरूडला अशी टाकी आहे. त्याची आजी मुरूडची. चुलीवर कोळंबीचं कालवण शिजताना पाहत मोठी झालेली. नातवाचं नवं बिऱ्हाड पाहायला ती आली, तेव्हा चष्मा पुसून टाकीपाशी बराच वेळ उभी राहिली.

"अरे, हा जवळा की करंदी?"

"अगं आजी, ही चेरी आहे. पाळलीय."

"चेरी असो नाहीतर बोर. पाळलीय म्हणजे काय? दूध देते?"

"नाही गं. बघायची नुसती."

"बघून पोट भरणारी कोळंबी मी जन्मात पाहिली नाही," असं म्हणून आजीने विषय संपवला. पण जाताना तिने हळूच विचारलं, "एवढ्यात वाटीभर तरी निघेल का रे?"

आजीला कोळंबीचा एकच ऋतू ठाऊक, बाजारात येते तो. भाच्याला दोन ठाऊक आहेत: थंडीच्या आधीचा आणि थंडीचा. थंडीत त्याचा फोन येतो तो आवाज खाली आणून.

"मामा, पाणी एकोणीसवर आलंय."

"बरं मग?"

"काल एकवीस होतं."

यावर काय बोलावं ते सुचत नाही. सांत्वन करावं, तर गेलेलं कोणी नाही. अभिनंदन करावं, तर तो दुखावेल.

आता ज्या कोळंबीसाठी हा जीव टांगणीला लागलाय, तिचं माहेर पाहा. चीन, तैवान, कोरिया. कोरियातला जानेवारी म्हणजे शून्याखालचा मामला. ओढ्यांवर बर्फाची साय धरते. पाण्याचा एक चमत्कारिक गुण असा, की ते चार अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे चार अंशांचं पाणी तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर राहतं आणि वरच गोठतं. त्या बर्फाच्या छपराखाली, कुजक्या पानांच्या ढिगात ही कोळंबी हिवाळा काढते. तिच्या खापरपणज्यांनी असे कित्येक हिवाळे हीटर न लावता काढले, म्हणून तर आज कोथरूडला तिच्या नावाने टॉर्च मारायची सोय झाली.

पुण्याची थंडी याच्यापुढे किती? शिवाजीनगर आणि पाषाणच्या वेधशाळेचे आकडे पेपरात छापून येतात आणि दहाच्या खाली गेले की शहरभर कौतुकाने वाचले जातात. १९३५ च्या जानेवारीत पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. त्या रात्री शहरात चेरी पाळणारं कोणी नसल्यामुळे तिच्या बाजूची साक्ष मिळत नाही. पण हे आकडे उघड्या मैदानातल्या हवेचे. बंद खिडक्यांच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी ठेवलेल्या टाकीतलं पाणी फार तर सतरा-अठरापर्यंत उतरतं. मुंबईत तर तेवढंही नाही. तिथे किमान तापमान सोळावर आलं की 'मुंबईकर गारठले' असा मथळा येतो, आणि त्याच सकाळी दादरच्या चाळीतल्या टाकीत पाणी तेवीस अंशांवर निवांत पडलेलं असतं. या कोळंबीला सुखाचं वाटणारं पाणी साधारण बावीस ते पंचवीस अंशांचं. हळूहळू उतरत गेलं तर आठ-दहा अंशांतही ती तग धरते. म्हणजे मुंबईच्या ज्या थंडीत मालकाने कानटोपी काढलेली असते, ती कोळंबीच्या लेखी आदर्श हवा.

खरी गोम अशी, की आपल्याला थंडी वाजते कारण आपण सदतीस अंशांचा संसार मांडून बसलोय. बाहेर काहीही होवो, आतला पारा हलता कामा नये. त्या हट्टापायी चहा होतो, गुळाची पोळी होते, बाजरीची भाकरी होते आणि दिवसाकाठी दोन जेवणांची चार होतात. कोळंबीने हा खटाटोप मांडलेलाच नाही. पाणी जेवढं, तेवढी ती. पाणी गार झालं की तिचं हृदय सावकाश चालतं, भूक मंदावते, हालचाल कमी होते. खर्चच कमी केल्यावर कमाईची घाई कशाला? मॉसच्या झुडपात एक जागा धरून ती पाय हलवत बसते. एवढंच नव्हे, गार पाण्यात तिचं आयुष्यही जरा लांबतं. उबेच्या शोधात धडपडणाऱ्याचं आयुष्य सरतं आणि गप्प बसणाऱ्याचं वाढतं, हे तत्त्व मराठी माणसाला पेन्शनीत गेल्यावर कळतं. कोळंबी ते जन्मतःच घेऊन येते.

पण गप्प बसलेला जीव मालकाला बघवत नाही. स्थिर म्हणजे आजारी, असं आपलं गणित. त्यातून एखाद्या सकाळी टाकीच्या तळाशी पांढरं, पोकळ, मिशांसकट कोळंबीचं अंग पडलेलं दिसतं आणि घरात एकच धावपळ उडते. जरा निरखून पाहिलं तर कळतं, की ती नुसती कात आहे. वाढण्यासाठी कोळंबी कवच टाकते, नवं कवच कडक होईस्तोवर लपून बसते, आणि मग जुनंच थोडं खाऊन त्यातलं कॅल्शियम वसूल करते. मालकाला हे कळेपर्यंत दोन ग्रुपवर शोकसंदेश गेलेले असतात आणि उत्तरादाखल हात जोडलेली चित्रंही आलेली असतात.

थंडीत दुसरं दुःख पाळण्याचं. ऊब असली की मादी पोटाखाली पिवळी-हिरवी अंडी वागवते; शौकीन तिला 'बेरीड' म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर होणाऱ्या आजोबाचं तेज येतं. पंचविसाच्या आसपास तीन-चार आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात. पाणी गार असेल तर मुक्काम लांबतो, आणि फारच गार असेल तर पाळणा हलतच नाही. पण इथेही निसर्गाने एक गंमत करून ठेवलीय. या जातीत तापमानाचा परिणाम मुलगा-मुलगी ठरण्यावर होतो. वीस अंशांच्या आसपास वाढलेल्या पिल्लांत माद्या जास्त, सव्वीसच्या आसपास वाढलेल्यांत नर जास्त. म्हणजे हीटर लावून घाईघाईने पाळणा हलवणाऱ्याच्या घरी नरांची पलटण उभी राहते आणि पुढच्या पिढीला अंडी घालायला कोणी उरत नाही. हे ऐकून आजी म्हणाली, "गारव्यात मुली? मग मुरूडला आम्ही पाच बहिणी कशा?" मुरूडची हवा वर्षभर दमट आणि उबदार असते, हे भाच्याने सांगून पाहिलं. आजीने शास्त्र बाद केलं.

आता उपाय पाहू. पहिला उपाय, थर्मामीटर. एक घेतला तर पाण्याचं तापमान कळतं; दोन घेतले तर शंका येते; तीन घेतले की मतदान घ्यावं लागतं. काचेला बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी असते, तिच्यात पाण्याबरोबर दिवाणखान्याचाही आकडा मिसळतो. ती पट्टी पाहून एका परिचितांनी टाकीवर शाल पांघरली होती. शालीने टाकी थोडी सांभाळली जाते, यात शंका नाही. पण त्यांच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं होतं, की ती शाल सत्काराची आहे आणि सत्कार कोळंबीचा झालेला नव्हता.

दुसरा उपाय फार मायेचा आणि म्हणूनच फार घातक. पाणी बदलायची वेळ झाली, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बर्फ झालंय, तेव्हा तान्ह्याच्या अंघोळीला मिसळतात त्या न्यायाने कोणीतरी गीझरचं पाणी घालून ते कोमट करतं. गॅस गीझरमध्ये पाणी तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून तापतं आणि येताना कणभर तांबं घेऊन येऊ शकतं. माणसाला त्याचं काही नाही. कोळंबीला मात्र पाण्यातलं थोडंसं तांबंही जीवघेणं. गंमत म्हणजे तिच्या स्वतःच्या रक्तात तांबं असतं. आपलं लोह प्राणवायू वाहतं, तिचं तांबं वाहतं, म्हणून तिचं रक्त निळसर. घरचं तांबं चालतं, बाहेरचं नाही. सोवळ्याची ही तऱ्हा पुण्यात तरी कोणाला समजावून सांगायला नको. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना ती पटत नाही. ते रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी रोज पहाटे पितात, त्याने काय काय बरं झालं ते जिन्यात भेटेल त्याला सांगतात, आणि उरलेलं पेलाभर कोळंबीला द्यावं असं त्यांचं भाच्याला प्रेमाचं सांगणं असतं. भाचा त्यांना टाकीच्या चार हात लांबच बसवतो.

तिसरा उपाय, हीटर. दुकानदार डिसेंबरात फक्त तीन शब्द बोलतो: "साहेब, थंडी वाढतेय." एवढ्यावर हीटर खपतो. काचेच्या नळीत तार, वर एक फिरकी, आकड्यावर लावून पाण्यात सोडायचा. पाणी तापलं की तो आपोआप बंद होतो. होतो म्हणजे व्हायला हवा. स्वस्तातल्या हीटरचा थर्मोस्टॅट अडकतो तो बहुतेक वेळा चालू अवस्थेत. मग मालक ऑफिसात आणि हीटर ड्युटीवर. संध्याकाळी घरी येऊन पाहावं तर पाणी पस्तिशी ओलांडून गेलेलं आणि आतली मंडळी गुलाबी पडलेली. पुण्यातल्या दिवाणखान्यात थंडीने मेलेली चेरी मी अजून ऐकलेली नाही. हीटरने उकडलेल्यांच्या कथा मात्र प्रत्येक शौकिनाकडे आहेत. भाच्याने एका मित्राच्या टाकीची अशी हकीकत आजीला सांगितली, तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मीठ घातलं होतं का?"

याचा अर्थ हीटर सगळ्यांनाच वर्ज्य आहे असं नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर मटानो नावाचं खोल, जुनं सरोवर आहे. तिथली 'कार्डिनल' कोळंबी लाल अंगावर पांढरे ठिपके मिरवते. तिच्या सरोवरात बारा महिने सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं पाणी. तिला पुण्याचा डिसेंबर खरोखर मानवत नाही. ती पाळायची तर चांगल्या प्रतीचा हीटर हवाच. उलट टोकाला जपानची 'क्रिस्टल रेड'. १९९० च्या दशकात हिसायासू सुझुकी यांना आपल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्यांत एक लाल-पांढरी सापडली, आणि तिच्यापासून पैदास करत त्यांनी ही जात नावारूपाला आणली. हिचा कल गारव्याकडे. पंचविसाच्या वर गेलं की हिची कुरकुर सुरू होते. तिसरी 'अमानो', ताकाशी अमानो यांच्या नावाची. हे गृहस्थ आधी व्यावसायिक सायकलपटू, मग छायाचित्रकार आणि मग पाण्याखालच्या बागांचे उस्ताद. शेवाळ खायला त्यांनी ही कोळंबी टाकीत आणली. तिचंही माहेर जपान-तैवानचं, त्यामुळे गारव्याचं तिला अप्रूप नाही. कोळंबी घेण्याआधी तिचं गाव विचारावं, एवढाच याचा मथितार्थ. मराठी घरांत सोयरीक जमवताना गाव आधी विचारतात, कोळंबीच्या बाबतीत मात्र नेमके रंगाला भुलतात.

चेरी थंडीला भीत नाही, मग भिते कशाला? अचानकपणाला. पंचवीसवरून अठरावर यायला पाण्याने आठवडा घेतला तर ती मानही वळवणार नाही; तेच पाच मिनिटांत केलं तर तिचं अंग हादरतं, अवेळी कात पडते आणि अर्धवट कात टाकलेली कोळंबी सहसा वाचत नाही. म्हणून जाणते शौकीन नवी कोळंबी आणली की पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवतात, मग बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब तिच्यात सोडतात. तास-दोन तास हा सोहळा चालतो. नवी नवरी माप ओलांडून आत यायला इतका वेळ घेत नाही. पाणी बदलतानाही तेच: बादली आदल्या रात्री टाकीशेजारीच भरून ठेवायची, सकाळपर्यंत दोन्हींचा पारा एक होतो. यात कष्ट नाहीत, खर्च नाही. म्हणून कोणी करत नाही.

आणि हे सगळं डिसेंबरचं रामायण होईस्तोवर खरा शत्रू एप्रिलात दारात उभा असतो. पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, पाणी तिशी ओलांडतं, आणि कोळंबी दोन्हीकडून कात्रीत सापडते. ऊब वाढली की तिच्या देहाची भट्टी जोरात चालते, तिला प्राणवायू जास्त लागतो; आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. दहा अंशांच्या पाण्यात लीटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. डिसेंबरात मागणी कमी आणि पुरवठा भरपूर. मे महिन्यात मागणी दुप्पट आणि दुकान अर्धवट बंद. कोळंबी जाते ती तेव्हा. पण मे महिन्यात मालकाला स्वतःला थंडी वाजत नसते, त्यामुळे त्याला तिची आठवण येत नाही. तो एसी लावलेल्या बेडरूममध्ये झोपतो, टाकी हॉलमध्ये असते.

उपाय मात्र सोपा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर वारं घालणारा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. माठातलं पाणी गार होतं ते याच हिशेबाने. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा पंखा छान चालतो. मुंबईच्या दमट हवेत जरा कुरकुरतो. पाणी उडून कमी होतं, तेवढं साधं पाणी वरून घालत राहायचं. पंख्याला दुकानात कोणी विचारत नाही. हीटर विकत घेताना आपण प्रेमळ वाटतो, पंखा विकत घेताना कंजूष.

थंडीच्या काळजीचा शेवटचा टप्पा दयेचा असतो. 'आता सांभाळणं होत नाही, बिचारीला नदीत सोडून देऊ.' ही दया सर्वांत महाग. जर्मनीत कोलोनजवळ गिलबाख नावाचा एक ओढा आहे. वीजकेंद्राचं थंडावणीचं ऊन पाणी त्यात येतं, म्हणून बाहेर बर्फ पडत असतानाही तो कोमट राहतो. कोणीतरी दयाळू माणसांनी आपल्या टाक्या त्यात रिकाम्या केल्या. आता तिथे गप्पी मासे आहेत आणि आपली चेरीसुद्धा संसार थाटून बसलीय. २०१३ मध्ये तिथल्या दोन आशियाई जातींच्या कोळंबीवर शोधनिबंधही आला. ही तर ज्या देशात हिवाळा खरोखर हाडं गोठवतो, तिथली गोष्ट. आपल्या मुळा-मुठेला आणि पवनेला वीजकेंद्राचीही गरज नाही. हिवाळ्यातही चेरीला सोसेल एवढं ऊबदार पाणी आहे. उजनीत आफ्रिकेतली चिलापी किती रमली, हे भिगवणच्या कुठल्याही हॉटेलात ताटात पाहायला मिळतं. चिलापी निदान खाता येते. चेरीचं कालवण करायचं तर आजीच्या हिशेबाने एका वाटीला सगळी नदी गाळावी लागेल.

तेव्हा चेरी पाळणाऱ्या वाचकांनी यंदाच्या थंडीत एवढंच करावं. थर्मामीटर एकच ठेवावा आणि त्याचं ऐकावं. खाणं निम्मं करावं, कारण न खाल्लेलं पाणी खराब करतं. पाणी थोडं आणि रात्रभर खोलीत ठेवलेलंच बदलावं, गीझर आणि तांब्याचं भांडं दूर ठेवावं. टाकी जड झाली तर दुसऱ्या शौकिनाला द्यावी, नदीला देऊ नये. स्वेटर स्वतः घालावा. आणि हीटरचे पैसे बाजूला ठेवून एप्रिल उजाडायच्या आत पंखा घ्यावा.